पहिलटकरीण

एलियाहू हन्नाबीच्या कृपेनं
पेण, जि. रायगड
४ फेब्रुवारी २०२५

गं. भा. मल्लम्माबाई स्वामी यांना मिल्का झिराडकर हिचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

काल सोमवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या महेश्वरीला, म्हणजे आमच्या लियाला, मुलगा झाला. वजन पावणेतीन किलो. सिझर नाही, काही नाही, बाळंतीण सुखरूप. हनोखनं तुम्हाला फोन केलाच असेल, पण माझे कान गेल्यापासून फोन म्हणजे मला नुसती गुणगुण. शाळेत तीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते असं म्हातारपणी उपयोगी पडतंय.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची तुमच्याकडे रीत, असं ऐकून होते. तुम्ही मात्र गुडघ्याचं कारण सांगून हळूच अंग काढून घेतलंत. लग्नाला तीन वर्षं झाली, एकदाही पेणला पाय लावला नाहीत. आम्ही यहुदी लोक माणसं खात नाही, हे लिहून देऊ का?

येत्या सोमवारी बाळाची सुंता. नाव योएल ठेवणार. त्याहून मोठा कार्यक्रम ५ मार्चला, एकतिसाव्या दिवशी, आणि त्याला तुम्ही यायलाच हवं. आमच्या शास्त्रात आईची कूस उघडून पहिला आलेला मुलगा देवाच्या मालकीचा असतो. बापानं कोहेनला पाच चांदीची नाणी देऊन त्याला सोडवून घ्यायचं. कोहेन म्हणजे आमचं पुरोहिताचं घराणं, हारोनच्या वंशातलं, बापाकडून मुलाकडे येणारं. आमच्या नात्यागोत्यात कुणी कोहेन नाही, म्हणून मुंबईहून एक म्हातारे गृहस्थ येणार आहेत. मूल सिझरनं झालं किंवा आईला आधी काही झालेलं असलं, तर सोडवणूक लागत नाही. माझ्या हनोखची झाली नव्हती. म्हणून त्याला मुलाची करायची फार हौस आहे. नाणी आत्ताच आणून कपाटात ठेवलीत.

येताना शिवकन्येलाही आणा. तुमच्या बहिणीच्या त्या पोरक्या नातीची लिया फार आठवण काढते.

आहे तो जिव्हाळा तसाच राखावा.
तुमची विहीण,
मिल्का


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
जळकोट, ता. तुळजापूर
८ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई मिल्काबाईंला जळकोटच्या मल्लम्माचा दोन्ही हातांनी नमस्कार.

तुमचा कागुद पोचला. शिवकन्येनं मोठ्यानं वाचून दाखवला. चौथीत हाय, आता जोडाक्षराला अडत न्हाय. नातू झाल्याची साखर म्या गल्लीभर वाटली. शेजारच्या कमलबाईनं इचारलं, पोरगं कुणावर गेलंय. म्या म्हणलं, नाक जर इहिणीवर गेलं असंल तर टोपडं जरा मोठंच शिवावं लागंल.

माहेरच्या बाळंतपणाचा टोमणा बसला. पर तुमी आठव्या दिवशी सुंता करणार, आन ती करणारा माणूस मुंबईचा. त्यो जळकोटात उतरला असता तर गावातली समदी पोरं शाळा सोडून उसात पळाली असती. म्हणून म्हणलं तिकडंच बरं.

देवाकडनं पोर सोडवून आणायचं मला नवीन न्हाय. माझी पहिली दोन पाळण्यातच गेली. महेश्वरी झाली तवा सासूनं तिला सुपात घालून ह्याच कमलबाईला इकली. कमलबाईनं तिच्या अंगावर कोंडा टाकला, उंबऱ्याच्या आत नेली आन पायलीभर जोंधळ्याला मला परत दिली. देवाला वाटावं, ही स्वामीच्या घरची न्हायच. कमलबाई अजून म्हणती, पोर माझी हाय, म्या भाड्यानं दिलीय.

आन तुमचा कोहेन बी वळखीचा वाटला. आमच्या लिंगायतांत पुजारी जंगम असाच बापाकडनं येतो. आमचं मालक जंगमच. कुणाकडं पोर झालं की त्याच्या गळ्यात लिंग बांधाय त्यांला बोलावणं. दक्षिणा येईस्तोवर माणूस आढ्याकडं बघत बसायचा, जसं काय त्यांला पैशाची वळखच न्हाय. तुमच्या म्हाताऱ्याला सांगा, नाणी खिशात घाला, पर पोर परत द्यायला इसरू नका.

डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आन दोन दुपटी पाठवलीत. तिला मेथी देऊ नका, बाळंतपणात अंगावर गांध्या उठतात. दूध उतरताना चौथ्या दिवशी सणकून ताप भरतो, दात वाजतात. भिऊ नका, गरम फडक्यानं शेकलं की एका दिवसात उतरतो. उजवीकडं लेकरू तोंड धरत न्हाय. आधी डाव्या अंगाला घ्यायला सांगा.

येण्याचं काय जमंना. शिवकन्येची परीक्षा हाय आन गुडघं खरंच गेल्यात.

लोभ हाय त्यो आटू देऊ नका.
तुमची खोडसाळ इहीण,
मल्लम्मा


पेण
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अव्वास महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीनं वाच. शिवकन्येच्या हातात देऊ नको. फोनवर बोलावं तर तुझा फोन तीच उचलते आणि स्पीकर लावून शेजारी बसते. इथं घर माणसांनी भरलंय. उत्तर माझ्यासोबत दवाखान्यात काम करणाऱ्या श्रीदेवीच्या पत्त्यावर टाक, मागं लिहिलाय.

अव्वा, माझी मोठी अडचण झालीय. त्या सोडवणुकीच्या दिवशी कोहेन नुसती नाणी घेत नाही. इथल्या रीतीत तो आईला सगळ्यांच्या समोर विचारतो, हे तुझं पहिलंच का, याच्या आधी काही झालं होतं का, काही गेलं होतं का. तिनं तोंडानं सांगायचं. मग बाप देवाचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणतो. धर्म घेताना मला लग्नाचं विचारलं होतं, लग्न झालं नव्हतं, मी नाही म्हणाले. लेकराचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी ठरवलं होतं, एक मूल मांडीवर आलं की हनोखला सगळं सांगायचं. लातूरला शिकताना काय झालं, परंड्याला गंगम्मा मावशीच्या घरी मी कशी बाळंत झाले, शिवकन्या तिची नात नसून माझी लेक आहे, सगळं. आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत तिला इथं आणायचं. तुझं वय झालं, तुझ्यामागं तिला कोण आहे? नऊ वर्षं झाली, ती मला अक्का म्हणते.

सिझर झालं असतं तर हा प्रश्नच आला नसता. मी डॉक्टरीणबाईंना तसं मागितलंही. त्यांनी तपासलं आणि हसून म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला कशाला पोट फाडायचं, सहज होईल. मी नुसतं डोळ्यांनी विनवलं, आणि त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही.

आज तुझं पार्सल आलं. सासूबाईंनी लाडू दिले, मेथीचा डबा उचलून वर ठेवला. पत्र मात्र दाखवलं नाही. नेहमी वाचून दाखवतात आणि आपणच हसतात. त्यात काय लिहिलंयस?

हनोख रोज कपाट उघडून ती नाणी पुसतो. काय करू ते कळव.

तुझी,
महेश्वरी


जळकोट
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. महेश्वरीस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

म्या त्या कागदात काय लिवलं ते आत्ता आठवलं. तुझा चौथ्या दिवसाचा ताप, मेथीच्या गांध्या, उजवी बाजू, समदं लिवलंय. लेकीच्या काळजीनं लिवत गेले बग. पहिलटकरणीच्या आईला हे कसं ठावं असंल, हा इचारच डोक्यात आला न्हाय. आन ती बाई मास्तरीण. तीस वर्सं पोरांच्या चुका काढल्यात तिनं.

तरी बी आयक. तिनं काय इचारलं न्हाय तोवर तू काय बोलू नको. त्या दिवशी कोहेनानं इचारलं तर न्हाय म्हण आन मोकळी हो. एका शब्दाचं काम हाय. देवाला राग आला तर त्यो म्या घेते माझ्या अंगावर, तसं बी ह्या वयात त्यो माझं काय वाकडं करणार, दात तर आधीच नेल्यात.

शिवकन्येची फिकीर करू नको. म्या हाय अजून. जावईबापू दोन-चार वर्सांनी मऊ झालं की सांगशील.

हे लिवलं खरं, पर गोड वाटंना. ती आता दुपट्याच्या उरलेल्या कापडाची बाळाला झबली शिवाय बसलीय. सुई दोनदा बोटात घुसली. तिला वाटतंय आपण पाच तारखेला पेणला जाणार.

अंगावर पांघरूण घेत जा.
तुझी अव्वा


पेण
१९ फेब्रुवारी २०२५

गं. भा. मल्लम्माबाई यांना मिल्काचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

डिंकाचे लाडू उत्तम झालेत. माझ्या नाकावरची चेष्टाही पोचली, तिचा हिशेब भेटीत करू.

आता जे लिहिते ते चेष्टेचं नाही. लियाला ताप चौथ्याच दिवशी आला, दात वाजत होते. तुमचं पत्र पोचायच्या आधीच उतरला. बाळ उजवीकडे धरत नव्हतं, अजून धरत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाई, हे आईला कळतं, पण एकदा पाहिल्यावर कळतं.

मी रागावलेली नाही, हे आधी समजून घ्या. हनोखच्या आधी माझंही एक चौथ्या महिन्यात गेलं होतं. माझ्या सासूनं मला एका शब्दानं दुखावलं नाही, मीही सुनेला दुखावणार नाही. लहान वयात काही चुकलं असेल, गेलं असेल, तर गेलं. पण मला माहीत असायला हवं. आमचा कायदा याबाबतीत काटेकोर आहे. मुलगा असो की मुलगी, पुरं असो की अपुरं, आमच्यात यायच्या आधी झालेलं असो, कूस ज्यानं उघडली ते पहिलं. त्यानंतरच्या मुलाची सोडवणूक नाही. नसताना केली तर देवाचं नाव व्यर्थ घेतल्यासारखं होतं, आणि ते माझ्या मुलाच्या तोंडून होईल.

तुम्ही फक्त एवढं लिहा की हो, एक गेलं होतं. बाकी मी सांभाळते. हनोखला मी सांगेन, त्याला दया येईल. कोहेनला नको म्हणून कळवेन. गेलेल्याबद्दल कुणी फार खोदत नाही.

लियाला यातलं काही बोललेले नाही.

मनात किंतु धरू नये.
तुमची,
मिल्का


जळकोट
२४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई मिल्काबाईंला मल्लम्माचा नमस्कार.

तुमचा कागुद वाचून म्या देवघरात जाऊन बसले. इतकी चांगली इहीण माझ्या वाट्याला यावी असं म्या काय बी केलेलं न्हाय. नाकाचं बोलणं मागं घेते.

तुमी म्हणता तेवढी एक वळ लिवायला काल दुपारी बसले होते. गेलं होतं, एवढंच लिवायचं. समोर शिवकन्या भाकरी आन ठेचा खात होती. तिखट लागलं म्हणून तिनं तांब्या मागितला. माझ्या हातनं ती वळ लिवली गेली न्हाय. जिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला तिला गेली म्हणून कसं लिवू?

विहीणबाई, गेलेलं न्हाय. नऊ वर्सांची हाय. जिला तुमी संगं आणा म्हणून लिवलं, तीच. माझ्या बहिणीची नात म्हणून म्या गावाला खोटं सांगितलं, तुमाला बी सांगितलं. बहीण गेली, तवा खरं ठावं असलेल्या आमी दोघी मायलेकी ऱ्हायलो. आता तिसऱ्या तुमी. पोरीचा बाप कोण ते महेश्वरीनं सांगितलं न्हाय आन म्या इचारलं न्हाय. तवा ती एकोणीस वर्सांची होती.

लेकीला न इचारता हे लिवते. ती माझ्यावर चिडंल. पर तिच्या मनात हे जावईबापूंला सांगायचंच होतं, पोरीला तिकडं न्यायचं होतं. सोडवणूक करू नका. तेवढं आमच्याकडनं पाप होऊ देऊ नका. आन जमलं तर पोरीला घ्या. खायला लई लागत न्हाय तिला. तुमाला कागुद वाचून दाखवंल, मोठ्यानं वाचती, तुमाला बी आयकू येईल. म्या अडुसष्टाची हाय, आन माझ्यामागं तिला ह्या गावात सख्खं कुणी न्हाय.

तुमच्या दारात हात जोडून उभी हाय असं समजा.
मल्लम्मा


पेण
९ मार्च २०२५

ती. अव्वास शि. सा. न.

सोडवणूक झाली नाही. तुला हवं होतं तेवढं झालं.

तुझं पत्र शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला आलं. सासूबाईंनी ते स्वयंपाकघरात वाचलं आणि मला आत बोलावून दार लावलं. ओरडल्या नाहीत. आवाज इतका बारीक होता की त्यांना स्वतःलाही ऐकू गेला नसेल. म्हणाल्या, गेलेलं मूल हनोख सोसेल, जिवंत मूल हे घर सोसणार नाही. लोक म्हणतील धर्म घेताना हिनं लपवलं, मग हिचा धर्मच खरा नाही, आणि मग योएलही आपल्यातला नाही. मशिदीत, म्हणजे यांच्या प्रार्थनाघरात, त्याला कोण उभं करील? तो म्हातारा कोहेन बोलला नाही तरी बाकीचे बोलतील. मी त्याची आजी आहे, असं दोनदा म्हणाल्या. मग पत्र गॅसवर धरलं.

त्याच संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यांचा शनिवारचा विसावा, लागायच्या आधी त्यांनी हनोखला आणि मला समोर बसवलं आणि सांगितलं, विहीणबाईंनी कळवलंय, हिचं लग्नाआधी एक कच्चं गेलं होतं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, हे खरं का? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पाळण्यात योएल जागा होता. अव्वा, मी मान हलवली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, हे एकटीनं कसं सोसलंस? कितवा महिना होता ते विचारलं. मुलगा की मुलगी, विचारलं. मुलगी म्हणाले. मग त्याला रडू आलं. कपाटातली नाणी रविवारी सोनाराला परत देऊन आला. कोहेन आजोबांनी फोनवर सांगितलं, बरोबर आहे, पहिली ती, याची सोडवणूक नाही.

परवा शुक्रवारी त्यानं काचेच्या पेल्यात तेलवात करून खिडकीत वेगळी लावली. तिच्यासाठी. दर शुक्रवारी लावणार म्हणतो. मला नाव विचारत होता, मनात काही ठरवलं होतंस का म्हणून. मी सांगितलं नाही.

असा माणूस आहे तो. मी खरं सांगितलं असतं तर गाडी करून जळकोटला आला असता, असं आता वाटतं. पण ज्याच्यासमोर तिला मारली, त्याच्यासमोर तिला जिवंत कशी करू? सासूबाईंचंही खोटं उघडं पडेल. जूनचं काही धरू नकोस. तिला काय सांगायचं ते तूच सांग. मी तिच्याशी फोनवर बोलू शकत नाही.

महेश्वरी


जळकोट
१३ मार्च २०२५

विहीणबाई मिल्काबाईंला मल्लम्माचा नमस्कार.

तुमी कागुद धाडणार न्हाय हे म्या धरून चालले, म्हणून आपणच लिवते. आज गल्लीत होळीचं लाकूड गोळा करायलेत, लई गलका हाय. मास्तरीण असून गणितात चुकलात बाई, एक पोर कमी धरलीत. असली चेष्टा करायची म्हणून लिवाय बसले होते, पर हसू येईना. तुमाला बी येणार न्हाय.

तुमाला बोल लावत न्हाय. तुमी तुमच्या नातवाची आजी, म्या माझ्या नातीची. तुमच्या जागी म्या असते तर म्या बी चूल पेटवून कागुद आत टाकला असता. पाच तारखेला पेणला का गेलो न्हाय ते शिवकन्येनं इचारलं. म्या सांगितलं, तिकडं बाळाला कांजण्या निघाल्यात. झबली शिवून झाली तर म्हणली, पोष्टानं पाठवू. म्या सांगितलं, लहान झाली असतील, पोरं लवकर वाढतात. ती म्हणली, मंग मोठी शिवते. पुढच्या वर्सी नवीन काय तरी सांगावं लागंल. तिच्यापुढं लई दिवस खोटं टिकायचं न्हाय, ती हुशार हाय, आईवर गेलीय.

एक गोष्ट मनातनं जाईना ती लिवते. ह्या पोरीला गावानं बहिणीची नात धरली. शाळेच्या दाखल्यावर आईच्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव हाय. जिनं जन्म दिला ती अक्का. साऱ्या दुनियेत एक तुमचा त्यो कायदाच निघाला, जो म्हणला की पहिली ती, आन तिला मोजली. कुठल्या कोहेनाला ठावं न्हाय, दाखल्याला ठावं न्हाय, पर त्या कायद्यानं तिला बरोबर वळखली. आन आपण तिघी बायांनी मिळून त्याला सांगितलं की मेली.

महेश्वरीनं दिव्याचं कळवलं. आमच्यात जित्या माणसाच्या नावानं तसला दिवा लावत न्हायत, आयुष्य तुटतं म्हणत्यात. जावईबापूंला थांबवा असं लिवणार होते. पर काय सांगून थांबवणार तुमी? त्यो तर मायेनं लावतोय. लावू द्या.

एवढंच करा. शुक्रवारी त्यो दिवा लावील तवा तुमी तिथं उभ्या ऱ्हाऊ नका. भाजीला जा, न्हाणीघरात जा, कुठं बी जा. त्या घरात एका माणसानं तरी तिला जिती धरावी.

लोभ ठेवायचा का न्हाय ते तुमच्या हातात. माझ्याकडनं हाय तेवढा हाय.
मल्लम्मा